गृहयुद्धाचा इतिहास आणि चित्रपटाची कसोटी

परचक्राचा इतिहास पडद्यावर आणणे त्यामानाने सोपे असते. शत्रूचा वेष निराळा, भाषा निराळी. प्रेक्षकाची सहानुभूती कोणाकडे जावी हे पहिल्या प्रसंगातच ठरून जाते. गृहयुद्धात ही सोय नाही. दोन्ही पक्षांचे कुलदैवत एक, बोली एक, आणि पुष्कळदा पिताही एकच. म्हणून गृहयुद्धावरील बोलपटाची वा अनुबोधपटाची गुणवत्ता पगड्यांच्या घाटावरून किंवा तलवारींच्या बनावटीवरून ठरत नाही. घरातल्या प्रतिपक्षाला आपली कारणे सांगू दिली आहेत काय, आणि तसे करताना कलहाचे मूळ झाकले तर गेले नाही ना, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर ती ठरते.

मराठीतील ठळक उदाहरण ‘प्रभात’च्या ‘रामशास्त्री’चे (१९४४). ३० ऑगस्ट १७७३ रोजी झालेला नारायणराव पेशव्यांचा वध हा विषय खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’ नाटकाने १९०९ मध्येच रंगभूमीवर रुजविला होता. गजानन जागीरदारांनी साकारलेल्या न्यायाधीशाची निःस्पृहता हे या बोलपटाचे खरे वैभव होय. तथापि पापाचा भार अशा कथांत बहुधा आनंदीबाईच्या माथी येतो. ‘ध’चा ‘मा’ या लोकप्रसिद्ध आख्यायिकेला समकालीन कागदांचा भक्कम आधार नाही. पण तिच्यामुळे राज्याची फाळणी एका स्त्रीच्या मत्सरात आटोपते. वारसाहक्काचा निर्विवाद नियम नसणे, बारभाईंचे कारस्थान, राघोबादादांनी १७७५ मध्ये सुरतेस इंग्रजांशी केलेला तह आणि १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत लांबलेले युद्ध, ही साखळी प्रेक्षकाच्या दृष्टीआड राहते. न्याय दिसतो, परंतु कलह उमगत नाही.

याच्या अगदी उलट दोष अमेरिकेतील एका गाजलेल्या कृतीत आढळतो. १८६१ ते १८६५ या काळातील यादवी युद्धावर केन बर्न्स यांनी ‘द सिव्हिल वॉर’ हा नऊ भागांचा अनुबोधपट केला. तो १९९० मध्ये दूरचित्रवाणीवर दाखविला गेला. त्या काळची चलच्चित्रे असणे शक्यच नव्हते. तेव्हा स्थिर छायाचित्रांवरून संथपणे फिरणारा कॅमेरा आणि सैनिकांच्या पत्रांचे वाचन यांवर सारी उभारणी झाली. सलिव्हन बलू या अधिकाऱ्याने मृत्यूपूर्वी पत्नीस लिहिलेले पत्र ऐकताना प्रेक्षक हेलावतो. परंतु या सार्वत्रिक करुणेत गुलामगिरी हे युद्धाचे मूळ कारण, आणि मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांचे पुढील भवितव्य, पुरेशा ठसठशीतपणे उमटत नाही, असा आक्षेप पुढे काही इतिहासकारांनी घेतला. दोन्ही बाजूंच्या अश्रूंना समान मान देणे निराळे आणि दोन्ही बाजूंचे कारण समान मानणे निराळे.

हे दोन्ही दोष टाळून करता येईल असा एक विषय बंगळूरच्या भूमीत पडून आहे. १६३८ मध्ये केंपेगौडांकडून विजापूरकरांच्या हाती आलेले हे नगर शहाजीराजांच्या जहागिरीचे ठाणे झाले. पुढे याच कर्नाटकी जहागिरीच्या वाट्यावरून शिवाजीमहाराज आणि त्यांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांच्यात वितुष्ट आले. १६७७ मध्ये कोळ्ळिडम नदीकाठी तिरुमळवाडीस दोघांची भेट झाली. ती फिसकटली आणि नोव्हेंबरात वालिकंडपुरम येथे दोघांच्या फौजा भिडल्या. एकाचा दावा पित्याच्या दौलतीतील निम्म्या हिश्शाचा. दुसरा विजापूरचा सरदार, स्वपराक्रमाने तंजावर मिळविलेला. साधनांची वाण नाही. महाराजांनी बंधूस लिहिलेले पत्र आहे. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात दुसऱ्या सरफोजींनी १८०३ मध्ये कोरविलेला भोसले वंशाचा प्रदीर्घ मराठी शिलालेख आहे. एका शाखेचा शब्द कागदावर, दुसरीचा दगडावर. आणि दोहोंमध्ये सव्वाशे वर्षांचे अंतर. हे अंतर लपविण्याऐवजी प्रेक्षकास दाखविणे, हाच अशा अनुबोधपटाचा प्रामाणिकपणा ठरेल.

या कलहाचा शेवटही रणांगणावर झाला नाही. तहात बंगळूर, होसकोटे आणि शिराळकोट हा मुलूख व्यंकोजींच्या पत्नी दीपाबाई यांना चोळीबांगडीसाठी देण्यात आला. ज्या वाट्यासाठी भावांच्या फौजा भिडल्या, त्यातले एक नगर अखेर भावजयीच्या ओटीत पडले. दिग्दर्शकाने घोडदळाची धूळ थोडी आवरून या दानपत्रावर कॅमेरा स्थिर केला, तर गृहयुद्ध म्हणजे काय हे प्रेक्षकाला निवेदनावाचूनही कळेल.