वेगाच्या देवतेस अर्पण

यंत्र खोलणे सोपे, जुळविणे कठीण. न्यूझीलंडमधील इन्व्हर्कार्गिलच्या बर्ट मन्रोने आपल्या मोटारसायकलचे इंजिन किती वेळा खोलले व जुळविले, याची गणतीच नाही. १९२० साली घेतलेली त्याची ‘इंडियन स्काउट’ गाडी मुळात ताशी जेमतेम ५५ मैल धावे. तिचा वेग वाढविण्याचा त्यास ध्यास लागला.

इंजिनात दट्ट्या वरखाली सरकतो व जोडदांडा ती गती पुढे पोचवितो. इंजिनाच्या फेऱ्या दुप्पट झाल्या, की या हालचालीचा ताण दुप्पट नव्हे, चौपट होतो! मन्रोजवळ पैसा बेताचाच. जुन्या डब्यांत धातू ओतून तो दट्टे घडवी. ते फुटत, दांडे मोडत. पण मोडका तुकडा तो फेकून देत नसे. शेडमधील फळीवर मांडून ठेवी. तेथे त्याने लिहिले होते, ‘वेगाच्या देवतेस अर्पण’. थट्टाच ती, पण मुलांनो, तडा कोठून सुरू झाला, धातू कोठे वितळला, हे असा तुकडाच दाखवितो. पुढे त्याने जोडदांडे ट्रॅक्टरच्या पोलादी आसातून कोरून काढले.

१९६७ साली, वयाच्या ६८ व्या वर्षी, अमेरिकेतील बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर त्याने विक्रम केला. नोंद झाली ताशी १८३.५८६ मैलांची. सरासरी काढताना मात्र नोंद ठेवणारेच चुकले होते! मन्रोच्या मुलाने ती चूक दाखविली आणि २०१४ साली आकडा सुधारून १८४.०८७ करण्यात आला. तेव्हा मन्रोला जाऊन ३६ वर्षे लोटली होती.