इंजिन 'स्टेज टू' करताय? आधी वॉल्व्हच्या स्प्रिंगकडं बघा

गेवराई तालुक्यातलं तलवाडा म्हणलं की लोकांना त्वरितादेवी आठवते. गाड्यांच्या नादात असलेल्या पोरांसाठी मात्र या गावाचा पत्ता आणखी एका कारणानं भारी आहे. गेवराईतून राष्ट्रीय महामार्ग ५२ जातो. त्यानं दक्षिणेला गेलात की लागतं सोलापूर, १९९२ साली सुरू झालेल्या प्रिसिजन कॅमशाफ्ट्स कंपनीचं गाव. इथले कॅमशाफ्ट परदेशी कंपन्यांच्या गाड्यांतही बसतात. उत्तरेला गेलात की छत्रपती संभाजीनगर. तिथल्या व्हॅरॉक ग्रुपच्या मालात इंजिनाचे वॉल्व्हही आहेत. म्हणजे कॅम एकीकडं, वॉल्व्ह दुसरीकडं आणि तलवाडा मधे.

आता हे सगळं सांगायचं कारण काय? तर रील बघून रिमॅप, मोठा टर्बो, रेसिंग कॅम यावर लाखभर उडवणारा माणूस वॉल्व्हच्या स्प्रिंगवर खर्च करायला तयार नसतो. आणि इंजिन बसतं ते बऱ्याचदा तिथंच.

कॅमशाफ्टवर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात. ते फिरले की वॉल्व्ह दाबला जातो आणि उघडतो. पण बंद कोण करतं? कॅम नाही करत, स्प्रिंग करते. कॅम फक्त ढकलू शकतो, ओढू शकत नाही. ६००० आरपीएमला क्रँकच्या निम्म्या वेगानं कॅम फिरतो, म्हणजे एकच वॉल्व्ह सेकंदाला ५० वेळा उघडतो आणि ५० वेळा बंद होतो.

खरी गंमत पुढं आहे. वॉल्व्हला परत फिरवायला लागणारा जोर आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. कंपनीनं ६५०० ला लावलेला कट तुम्ही रिमॅप करून ७५०० वर नेला, तर वेग वाढला १५ टक्के, पण स्प्रिंगवरचं काम वाढलं ३३ टक्के. स्प्रिंग तीच. मग एका क्षणी कॅम पुढं निघून जातो आणि वॉल्व्ह हवेत राहतो. याला वॉल्व्ह फ्लोट म्हणतात. आजच्या बहुतेक इंजिनांत उघडा वॉल्व्ह आणि वर आलेला पिस्टन एकाच जागेवर हक्क सांगतात. तिथं वॉल्व्ह वेळेत बंद झाला नाही तर वाकतो, नाहीतर तुटून पिस्टनला भोक पाडतो.

रेव्ह लिमिटर वाचवेल असं वाटत असेल तर तो अर्धाच खरा. तो ॲक्सिलरेटरनं जाणारे आरपीएम रोखतो. पाचव्यातून चौथ्याऐवजी चुकून दुसरा गिअर पडला, तर चाकंच इंजिनाला फिरवतात. तिथं ईसीयू काही करू शकत नाही.

मग जाड स्प्रिंग टाकली की झालं? इथंच लोक फसतात. गरजेपेक्षा कडक स्प्रिंग म्हणजे कॅमच्या टोकावर, टॅपेटवर आणि टायमिंग चेनवर कायमचा जादा दाब. कॅम खाल्ला जातो, तेलात लोखंडाचा भुगा दिसायला लागतो. हायड्रॉलिक टॅपेट असेल तर तो दबून बसू शकतो. म्हणून आधी वजन कमी करा, मग दाब वाढवा. वरच्या बाजूला निमुळती होत जाणारी, मधमाशांच्या पोळ्यासारखी दिसणारी स्प्रिंग यासाठीच निघाली. तिच्यावरची टोपी, म्हणजे रिटेनर, लहान आणि हलका होतो. टायटॅनियमचा रिटेनर अजून हलका असतो, पण झिजतो. रोजच्या गाडीत चांगल्या स्टीलचाच बरा, असं आमचं मत. आणि कॉटर जुने परत वापरू नका. एवढ्याशा तुकड्यावर सगळा वॉल्व्ह लटकलेला असतो.

या दुखण्यावर जगानं भन्नाट उपाय काढलेत. डुकाटीच्या डेस्मो इंजिनात वॉल्व्ह बंद करायलाही वेगळा कॅम असतो. रेनॉनं १९८६ मध्ये फॉर्म्युला वनला स्प्रिंगच काढून दाबाखालची हवा भरली.

टर्बोवाल्यांचं गणित थोडं वेगळं. इनटेक वॉल्व्हची चकती ३० मिलिमीटरची धरली तर तिचं क्षेत्रफळ होतं साधारण ७ चौरस सेंटिमीटर. १ बार बूस्ट वाढवला की मागून जवळपास ७ किलोचा जादा जोर बंद वॉल्व्हला उघडायला बघतो. त्यामुळं आरपीएम न वाढवताही स्प्रिंग बदलायची वेळ येऊ शकते. एक्झॉस्टच्या बाजूला खरा शत्रू उष्णता. तिथं साध्या स्टीलऐवजी निकेलचा मिश्रधातू, म्हणजे इन्कोनेलचा वॉल्व्ह लागतो, तोही सतत जोरात चालणाऱ्या टर्बो पेट्रोलला.

आणि आपल्याकडं ज्यांची संख्या जास्त, त्या डिझेल स्कॉर्पिओ-बोलेरोवाल्यांनी? साधा रिमॅप असेल तर यातलं काहीच घेऊ नका. डिझेल इतक्या वर फिरतच नाही. पैसे इंटरकूलर, क्लच आणि ब्रेकला लावा.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली मालकाला दर बदलामागं ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. ट्रॅकसाठी बनवलेली गाडी ट्रॅकवरच पळवा.

खरेदीचं म्हणाल तर एकेक पार्ट वेगवेगळ्या ठिकाणाहून गोळा करू नका. कॅम बनवणाऱ्यानं त्या कॅमसाठी जी स्प्रिंग, जो रिटेनर सांगितला, तोच सेट घ्या. त्यानं किती लिफ्ट आणि किती आरपीएमपर्यंत चालेल ते लिहून दिलेलं असतं. नसेल तर तो सेट घेऊ नका.

हेड बसवताना मेकॅनिकच्या शेजारी उभं राहून दोन मापं घ्यायला लावा. पहिलं, वॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकत नाहीत ना. एकूण मिलिमीटरभर तरी जागा शिल्लक पाहिजे. दुसरं, पिस्टनच्या डोक्यावर मुलांच्या खेळण्यातली चिकणमाती लावायची, हेड आणि टायमिंग बसवून इंजिन हातानं दोन फेरे फिरवायचं, हेड उघडायचं आणि दबलेली माती कापून तिची जाडी मोजायची. इनटेकला २ मिलिमीटर आणि एक्झॉस्टला अडीच, हा जुना अंदाज. त्याहून कमी भरली तर पिस्टनमधले खिसे खोल करून घ्या, नाहीतर कमी लिफ्टचा कॅम लावा.