विश्लेषण : ‘एरिया डेव्हलप होतोय’ म्हणजे नेमके काय? गिरणगावात घर शोधताना काय तपासावे?

लालबाग, परळ, करी रोड किंवा लोअर परळमध्ये घर शोधायला निघालात, की ब्रोकरच्या तोंडी एक वाक्य हमखास येते, ‘एरिया डेव्हलप होतोय, आत्ताच घ्या.’ एका बाजूला काचेचे टॉवर आणि मॉल, दुसऱ्या बाजूला शंभर वर्षांच्या चाळी. ऑफिस जवळ, दोन रेल्वेमार्ग जवळ, केईएम आणि टाटा रुग्णालय जवळ. पण बदलत्या वस्तीत घर घेणे म्हणजे आजच्या भाड्यासोबत पुढच्या पाच वर्षांची अनिश्चितताही घेणे. ती कशी ओळखायची?

जेंट्रिफिकेशन म्हणजे काय?

कामगार किंवा अल्प उत्पन्न गटाच्या जुन्या वस्तीत जास्त कमावणारे लोक राहायला येतात. भाडी आणि जागेचे दर वाढतात, दुकाने बदलतात आणि मूळ रहिवाशांना तिथे राहणे परवडेनासे होते. या प्रक्रियेला जेंट्रिफिकेशन म्हणतात. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ रूथ ग्लास यांनी १९६४ मध्ये लंडनमधील बदलांबद्दल लिहिताना हा शब्द वापरला. आपल्याकडे तो रुळलेला नाही, पण अनुभव घरोघरी आहे. परळची खोली विकून डोंबिवली, विरार किंवा बदलापूरला गेलेले नातेवाईक बहुतेक मुंबईकर मराठी कुटुंबांत सापडतात.

गिरणगाव कसे बदलले?

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संपानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली आणि सुमारे ६०० एकर जमिनीचे काय करायचे, हा प्रश्न उभा राहिला.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने ढोबळमानाने तीन वाटे ठरवले : एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी पूर्ण जमिनीची न होता फक्त मोकळ्या जमिनीची होईल, असे ठरले.

फरक समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. समजा, गिरणीची जमीन नऊ एकर आहे आणि त्यातली दीड एकरच बांधकामाविना मोकळी आहे. जुन्या हिशेबाने महापालिका आणि म्हाडा यांना प्रत्येकी तीन एकरच्या आसपास जमीन मिळाली असती. नव्या हिशेबाने दोघांमध्ये मिळून दीड एकराचाच काही भाग येतो. हा वाद न्यायालयात गेला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बदललेला नियम ग्राह्य धरला.

परिणाम आज रस्त्यावर दिसतो. ऑफिसे आणि टॉवर आले, पण त्या प्रमाणात मैदाने, परवडणारी घरे आणि रुंद रस्ते आले नाहीत. गिरणी कामगारांना शेलू आणि वांगणी येथे घरे देण्याच्या प्रस्तावाला कामगार संघटनांचा विरोध आहे, तोही याच कारणाने. ज्या जमिनीवर घाम गाळला, ती मुंबईत आहे.

राहणाऱ्याला याचा फटका कसा बसतो?

इमारत खासगी पैशाने तीन-चार वर्षांत उभी राहते. पूल, गटार आणि पादचारी मार्ग सार्वजनिक पैशाने, कितीतरी उशिरा येतात. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड (आताचे प्रभादेवी) स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जणांचा मृत्यू झाला. गिरण्यांच्या काळातील स्थानकावर आता ऑफिसची गर्दी उतरत होती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कमला मिल आवारातील पबच्या आगीत १४ जण गेले.

लोअर परळचा डिलाईल पूल जुलै २०१८ मध्ये बंद झाला आणि पूर्णपणे खुला व्हायला नोव्हेंबर २०२३ उजाडले. परळ-प्रभादेवी जोडणारा एल्फिन्स्टन पूल नव्या बांधकामासाठी सप्टेंबर २०२५ मध्ये बंद झाला. दुसरीकडे, आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण सुरू आहे. वरळी, सिद्धिविनायक आणि दादर परिसराला तिचा थेट फायदा आहे. लालबागहून मात्र ती चालत जाण्याच्या अंतरावर नाही. जाहिरातीतले ‘मेट्रोपासून पाच मिनिटे’ पायी की टॅक्सीने, हे म्हणूनच विचारावे.

भाड्याने राहणार असाल तर काय तपासावे?

करार : महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार लीव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे, उलट पुरावा येईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. ‘नोटरी पुरे’ असे कोणी म्हणाले, तर हे कलम दाखवा.

खर्च : मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के असते. त्यात परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दराने धरलेले व्याजही मिळवतात. उदाहरणार्थ, ४० हजार रुपये भाडे, दोन लाख डिपॉझिट आणि ३६ महिने. भाडे १४ लाख ४० हजार, व्याज ६० हजार, एकूण १५ लाख. शुल्क ३,७५० रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये.

मुदत : बदलत्या वस्तीत ११ महिन्यांचा करार मालकाच्या सोयीचा असतो, कारण दर वर्षी नवा भाव सांगता येतो. शक्य असेल तर ३६ महिन्यांचा करार करा आणि वार्षिक वाढीचा टक्का लिहून घ्या. मग तिसऱ्या वर्षाचे भाडे काढा आणि ते तुमच्या पगारात बसते का पाहा. मुदत संपल्यावर घर सोडले नाही, तर कलम २४ नुसार दुप्पट रक्कम भरावी लागू शकते.

इमारतीचे भवितव्य : चाळ किंवा जुनी इमारत पुनर्विकासाला जाणार आहे का, हे शेजाऱ्यांना विचारा. रहिवाशांच्या संमतीच्या सह्या सुरू असतील, तर तुमचा मुक्काम थोडा आहे. पुनर्विकासात घर मूळ भाडेकरूला मिळते, लीव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्याला नाही.

पाणी आणि पाऊस : पाणी किती वाजता आणि किती वेळ येते, हे विचारा. जुलैत, भरतीच्या दिवशी जोराचा पाऊस असताना एकदा जाऊन या. हिंदमाता परिसर पाणी तुंबण्यासाठी वर्षानुवर्षे ओळखला जातो.

विकत घेणार असाल तर?

बांधकाम सुरू असलेल्या प्रकल्पाचा क्रमांक महारेराच्या संकेतस्थळावर टाका. ताबा देण्याची तारीख, ती किती वेळा पुढे गेली आणि कोर्टात काय सुरू आहे, हे तिथे दिसते. समोरच्या मोकळ्या भूखंडावर कोणते आरक्षण आहे, हे महापालिकेच्या विकास आराखडा २०३४ मध्ये पाहता येते. आज खिडकीतून समुद्र दिसत असेल, तर उद्या समोर काय उभे राहू शकते, याचे उत्तर तिथे आहे.

पागडीची खोली स्वस्त वाटते. पण ती घेताना मालकी मिळत नाही, भाडेकरूचा हक्क मिळतो. हस्तांतरणासाठी मालकाची संमती लागते आणि त्याला रकमेतला वाटा द्यावा लागतो. भाडेपावती तुमच्या नावावर होणार, हे लेखी ठरल्याशिवाय पैसे देऊ नका.

मूळ रहिवाशांचे काय?

सगळेच बाहेर जातात असे नाही. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग येथील बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांचे मालकीचे घर मिळणार आहे. वरळीत ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या गेल्या. खरी परीक्षा पुढे आहे. लिफ्ट, पंप आणि सुरक्षारक्षकांचा मासिक खर्च निवृत्त गिरणी कामगाराच्या घराला पेलला नाही, तर मिळालेले घर विकून किंवा भाड्याने देऊन तो कल्याणपलीकडे जाईल. तेच घर मग ब्रोकर तुम्हाला दाखवेल.

म्हणजे तिथे राहायला जाणे चूक आहे का? भाडेकरू जमिनीची धोरणे ठरवत नाही. मात्र इमारतीतले नियम रहिवासीच ठरवतात. मासे-मटण खाणाऱ्यांना घर नाकारणारी सोसायटी, गणपतीच्या मंडपावर आणि भाजीवालीवर तक्रार करणारा व्हॉट्सॲप ग्रुप, पुनर्वसित इमारतीतल्या मुलांना बागेत मज्जाव करणारे फाटक, हे सर्व सभेत हात वर करून ठरते. घर बघायला जाल तेव्हा सोसायटीचे नियमही मागा. तुमच्यावर उद्या कोणते निर्बंध येतील, हे त्यातून कळेल.

मग निवड कशी करावी?

आठवड्याच्या दिवशी सकाळी नऊ वाजता त्या घरापासून स्टेशनपर्यंत चालत जा आणि रात्री अकराला परत या. चालत जाण्याच्या अंतरात सरकारी दवाखाना, शाळा, पिठाची गिरणी आणि खानावळ आहे का, हे पाहा. तिसऱ्या वर्षाचे भाडे परवडते, पाणी येते आणि इमारत टिकणार आहे, या तिन्हींचे उत्तर ‘हो’ असेल तर घर घ्या. एकाचेही ‘बघू’ असेल, तर दोन स्टेशने पुढे शोधा. विकत घेण्याची घाई असेल, तर आधी त्याच वस्तीत एक पावसाळा भाड्याने काढा.