तासाचे बोलणे, दिवसाचे लिहिणे

बोलायला वेळ लागत नाही. पण तेच बोलणे ऐकून कागदावर उतरवायचे म्हटले, म्हणजे वेळ लागतो. किती लागतो? पुष्कळांना याचा अंदाज नसतो. 'तासाभराचं तर बोलणं आहे, तासाभरात लिहून द्या की!' असे ते म्हणतात. हे का जमत नाही, ते आपण पाहू.

आज बोलणे साठवून ठेवणे सोपे झाले आहे. मोबाईलचे बटण दाबले की झाले. ग्रामसभेतली चर्चा, बचत गटाची बैठक, म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी, सारे त्यात राहते. पण अर्जाला जोडायला कागद लागतो. चारचौघांत वाचून दाखवायला कागद लागतो. म्हणून कोणीतरी बसून ऐकावे लागते आणि लिहावे लागते.

आता हिशेब करू या. माणूस मिनिटाला १२० शब्द बोलतो असे धरा. तासाची मिनिटे ६०. म्हणजे तासाभरात ७,२०० शब्द झाले.

मराठी टंकलेखनाची सरकारी परीक्षा असते. तिची पहिली पायरी मिनिटाला ३० शब्दांची. त्या वेगाने न थांबता टंकलेखन केले तरी ७,२०० शब्दांना २४० मिनिटे लागतील. म्हणजे चार तास. हाताने लिहिणारा मिनिटाला २० शब्द लिहील असे धरले, तर सहा तास झाले.

आणि हा हिशेब न थांबता लिहिण्याचा आहे. ऐकून लिहिणाऱ्याला तर सारखे थांबावे लागते. एक वाक्य ऐकायचे, थांबवायचे, लिहायचे. नीट कळले नाही तर मागे जाऊन पुन्हा ऐकायचे. मध्येच कुत्रे भुंकते. कोणी खोकते. दोघे एकदम बोलतात. मग एकेका वाक्याला पाच-पाच मिनिटे जातात. शेवटी सगळे पुन्हा एकदा ऐकून कागदाशी ताडून पाहायचे. त्याला आणखी तास-दीड तास. असा तासाच्या बोलण्याला पुरा दिवस जातो.

तुम्ही म्हणाल, 'इतकं बारीक कशाला? एखादा शब्द इकडचा तिकडे झाला तर काय बिघडलं?'

बघा काय बिघडते ते. समजा एक बाई सांगते, 'त्या कागदावर मी अंगठा दिला नाही.' लिहिणाऱ्याने घाईत 'नाही' गाळले. झाले! बाईने अंगठा दिला असे कागद बोलू लागला. 'सात गुंठे' आणि 'साठ गुंठे' कानाला जवळजवळ सारखेच लागतात. पण जमिनीत केवढा फरक! खानदेशात अहिराणी बोलतात. तिच्यात 'आंडोर' म्हणजे मुलगा आणि 'आंडेर' म्हणजे मुलगी. परक्या माणसाने हे घाईत लिहिले, तर मुलीच्या हक्काची गोष्ट मुलाच्या नावावर जायची.

म्हणून चांगला लिहिणारा अंदाजाने काही लिहीत नाही. शब्द कळला नाही तर तिथे जागा मोकळी सोडतो. कितव्या मिनिटाला तो शब्द आला, ते बाजूला टिपतो. मग त्या बोलीच्या माणसाला विचारतो.

हे काम सोसले तर केवढे फळ मिळते, तेही पाहा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी पुण्यात राहून जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचे काम उभे केले. त्यांच्या सोबत्यांनी गावोगाव जाऊन बायांच्या ओव्या लिहून घेतल्या. पुढे काहींचे आवाजही साठवले. एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. त्याला कित्येक वर्षे लागली. त्यांतल्या पुष्कळ बायांना लिहिता-वाचता येत नव्हते. पण आपले सुखदुःख त्यांनी ओवीत सांगितले होते. गिरण्या आल्या आणि घरातली जाती थांबली. कोणी बसून ऐकले नसते, तर ते सारे विरून गेले असते.

आता संगणक आणि मोबाईलही ऐकून लिहितात. तासाचे बोलणे काही मिनिटांत उतरवतात. त्याने कष्ट वाचतात, हे खरे. पण गलका असला, बोली वेगळी असली, गावाचे किंवा माणसाचे नाव आले, की यंत्र चुकते. आणि चुकले तरी चूक झाली असे सांगत नाही. म्हणून माणसाने पुन्हा ऐकून ताडून पाहायलाच हवे.

तेव्हा दोन गोष्टी लक्षात ठेवा. कोणाला असे काम सांगितले, तर वेळ द्या आणि मजुरीही दिवसाची द्या, तासाची नव्हे. आणि तुमचे बोलणे कोणी लिहून घेतले, तर सही करण्यापूर्वी ते स्वतः वाचा. वाचायला शिकलात ते याचसाठी. वाचता येत नसेल त्याला ते वाचून दाखवा. 'हो, मी हेच बोललो,' असे बोलणाऱ्याने म्हटले, म्हणजे काम पुरे झाले.

हिशेब करा : बैठक अर्धा तास चालली. मिनिटाला १२० शब्द बोलले गेले. मिनिटाला ३० शब्दांच्या वेगाने ते न थांबता लिहायला किती वेळ लागेल? त्यात थांबण्याचा आणि ताडून पाहण्याचा वेळ किती धराल?