मेंढी माजावर का येत नाही?

आपल्या गटांतल्या बऱ्याच जणींनी कर्ज काढून मेंढ्या घेतल्या आहेत. हप्ता दर महिन्याला येतो, कोकरू मात्र मेंढीच्या वेळेनेच येतं. एखादी मेंढी माजावर आली नाही, की तिला वांझ ठरवून बाजारात न्यायची घाई होते. आम्हीही बैठकीत तसाच सल्ला दिलेला आहे. म्हणून आज माज येतो कसा, ते नीट समजून घेऊ.

माजाची सुरुवात मेंदूत होते. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटासा भाग असतो. तो थांबून थांबून, ठोके द्यावेत तसं जीएनआरएच नावाचं संप्रेरक सोडतो. ते खालच्या पियुषिका ग्रंथीला पोचलं, की ती एलएच आणि एफएसएच ही दोन संप्रेरकं रक्तात सोडते. त्यांच्यामुळे अंडाशयात बीज वाढतं. मेंदूतली अशी संप्रेरकं शोधणाऱ्या रॉजर गिलमँ आणि अँड्र्यू शॅली यांना १९७७ साली नोबेल पारितोषिक मिळालं. गिलमँ यांनी त्यासाठी लाखो मेंढ्यांच्या मेंदूंवर काम केलं होतं.

अंडाशयही मेंदूला उलट निरोप धाडतं. बीज वाढताना इस्ट्रोजेन तयार होतं. ते पुरेसं वाढलं, की मेंदूतल्या किसपेप्टिन बनवणाऱ्या पेशी जाग्या होतात आणि जीएनआरएचचा लोंढा सुटतो. मेंढी माजावर येते. माज साधारण २४ ते ३६ तास टिकतो आणि त्याच्या अखेरीस बीज सुटतं.

बीज सुटलं त्या जागी प्रोजेस्टेरॉन तयार होऊ लागतं. ते मेंदूला ‘आता थांब’ म्हणतं. ठोके मंद करायला मेंदूतलीच, अफूसारखं काम करणारी रसायनं त्याला मदत करतात. मेंढी गाभण राहिली नाही, तर प्रोजेस्टेरॉन उतरतं आणि १६-१७ दिवसांनी पुन्हा माज येतो.

थंड देशांत दिवस मोठे झाले, की मेंढ्यांचा माज महिनोन्‌महिने बंद असतो. तेव्हा तेच इस्ट्रोजेन डोपामिनच्या मदतीने ठोके अडवतं. आपल्याकडे दिवस-रात्रीत तेवढा फरक पडत नाही. आपल्या दख्खनी मेंढीला चाऱ्याची टंचाई जास्त नडते. अंगावर चरबी उरली नाही, की मेंदू ठोके मंद करतो, कारण पिलू पोसायची ताकदच नसते. अशी मेंढी वांझ नसते, उपाशी असते.

मग करायचं काय?

मेंढीच्या पाठीवरून हात फिरवा. मणके टोचत असतील, तर मेंढा सोडण्याआधी दोन-तीन आठवडे खुराक द्या. धान्य रोज थोडं थोडं वाढवा. एकदम दिलं तर पोट बिघडतं.

मेंढा महिनाभर लांब ठेवा, त्याचा वासही येऊ देऊ नका. मग कळपात सोडा. नव्याने आलेल्या वासाने थांबलेले ठोके पुन्हा सुरू होऊ शकतात.

मेंढ्याच्या छातीला गेरू लावा. कोणत्या मेंढीच्या पाठीवर रंग लागला, ते वहीत लिहा. ३५ दिवसांत माजाच्या दोन फेऱ्या होतात. रंग लागलाच नाही, तर पशुवैद्यकाला दाखवा. रंग लागूनही बऱ्याच मेंढ्या पुन्हा पुन्हा माजावर येत असतील, तर आधी मेंढा तपासून घ्या. दोष त्याचाही असू शकतो.

माज जुळवायला प्रोजेस्टेरॉनचे स्पंज मिळतात. ते पशुवैद्यकाच्या हातूनच बसवा. खुराक नसेल तर त्यांचाही फारसा उपयोग होत नाही.

जाता जाता एक सांगतो. मेंदूपासून अंडाशयापर्यंतची हीच साखळी आपल्याही अंगात आहे. फार अशक्त बाईची पाळीसुद्धा थांबू शकते. म्हणून वांझ हा शब्द तोंडातून काढण्याआधी विचारू या: तिला पोटभर मिळतं का? आणि जोडीदाराची तपासणी झाली का?