वाटेत सांडलेला उजेड

मोताळ्याहून बुलढाण्याला येताना राजूर घाट लागतो. दिवसा तो नुसता पाहत राहावा असा! पण पहाटेच्या अंधारात गाडीचे दिवे मिणमिणते असतील, तर जिवाशीच खेळ. आमच्या शेजारच्या काकांची ही गोष्ट ऐका.

काकांची पिकअप जुनी. गावची भाजी, मिरची भरून ते पहाटे चारलाच बुलढाण्याच्या बाजाराला निघतात. एके दिवशी घाटाच्या अलीकडे कडब्याने भरलेली बैलगाडी त्यांना दिसली, ती अगदी जवळ गेल्यावर. कचकन ब्रेक दाबला. मध्ये जेमतेम दोन हात अंतर उरलं!

"काऊन हो भाऊ, लाइट नाही काय?" गाडीवान ओरडला.

लाइट होते, पण असून नसल्यासारखे.

दुपारीच काका गाड्यांची वायरिंग करणाऱ्या मिस्त्रींकडे गेले. मीही सोबत होते. काका म्हणाले, "१०० वॅटचे बल्ब टाकून द्या." मिस्त्री हसले. "आधी दुखणं पाहू, मग औषध."

त्यांनी इंजिन सुरू करून दिवे लावले आणि मीटर जोडला. बॅटरीवर १३.५ व्होल्ट, बल्बच्या टोकाशी मात्र ११! मग अडीच व्होल्ट गेले कुठं?

शेतातला पाइप आठवा. मोटारीजवळ पाणी जोरात असतं. पण पाइप बारीक आणि गाळाने भरलेला असेल, तर दुसऱ्या टोकाला नुसती धार येते. विजेचंही तसंच. ६० वॅटच्या दोन बल्बना सुमारे १० अँपिअर करंट लागतो. तो बॅटरीतून निघून स्विचमार्गे बारीक, जुन्या वायरीतून बल्बपर्यंत जाणार आणि गाडीच्या पत्र्यातून परत येणार. पत्र्याला जोडलेल्या अर्थिंगच्या बोल्टवर गंज चढला होता. वायर आणि गंज मिळून पाव ओहम अडथळा झाला, तरी १० गुणिले पाव म्हणजे अडीच व्होल्ट वाटेतच खर्च! हा नियम १८२७ साली पुस्तकात मांडणारे जर्मनीचे गेओर्ग ओहम हे शाळेत शिकवणारे शिक्षक होते बरं का!

आणखी एक गंमत. व्होल्ट पाचव्या हिश्श्याहूनही कमी घटले, पण उजेड जवळजवळ निम्मा झाला. बल्बची तार थोडी कमी तापली, तरी उजेड फार झपाट्याने घटतो आणि पिवळा पडतो.

मिस्त्रींनी बोल्ट खोलून गंज पॉलिश पेपरने घासून काढला. बॅटरीपासून जाड वायर टाकली, तिला फ्यूज लावला आणि रिले बसवला. रिले म्हणजे काय? मुख्याध्यापक नुसती खूण करतात, घंटा शिपाई वाजवतो. तसा स्विच आता फक्त खूण करतो. जास्तीचा करंट रिलेतून थेट बल्बकडे जातो. काळवंडलेला रिफ्लेक्टर मात्र बदलावा लागला. तो घासला, तर उरलेली चकाकीही जाते.

बल्ब मोठा टाकला असता तर? त्याच वायरीतून जास्त करंट गेला असता, वायर तापली असती, होल्डर वितळला असता. आणि समोरच्याचे डोळे दिपले असते ते वेगळंच! शेवटी मिस्त्रींनी माल भरलेली गाडी भिंतीसमोर उभी करून दिवे खाली वळवले. मागे वजन आलं, की गाडीचं नाक वर होतं आणि उजेड समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

तुम्हीही करून पाहा. टॉर्चचे दोन सेल आणि टॉर्चचाच बल्ब वायरीने जोडा. मध्ये पेन्सिलीचं शिसं घाला आणि वायरीचं टोक शिशावरून दूर सरकवत न्या. बल्ब मंद होत जाईल. मात्र घरातल्या विजेवर हा प्रयोग चुकूनही करू नका!

काकांना आता घाटातलं वळण लांबूनच दिसतं. पण गाडीवानाचं काय? त्याच्या गाडीला मागे काहीच नव्हतं. म्हणून आमच्या वर्गाने गावातल्या बैलगाड्यांना मागे लाल रिफ्लेक्टर लावायला घेतले आहेत. तुमच्या गावात कुणाच्या गाडीला ते नाहीत, हे आजच पाहून या.