१८ टक्के, पण कशाचे?

ऑक्टोबर २०१५मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सॉसेज, बेकन, हॅम असे प्रक्रिया केलेले मांस तंबाखूच्याच गटात टाकले. ‘मांस सिगारेटइतकेच घातक’ अशा थाटाच्या बातम्या झळकल्या. साफ चूक! हा गट फक्त पुरावा किती पक्का आहे ते सांगतो. धोका किती मोठा, ते नाही.

दुसरी गफलत आकड्याची. रोज ५० ग्रॅम असे मांस खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो, असे संस्थेने म्हटले होते. याचा अर्थ शंभरातल्या अठरा जणांना कर्करोग होणार, असा नव्हे. समजा, एरवी शंभरात पाच जणांना तो होत असेल, तर आता साधारण सहा जणांना होईल. म्हणून एखाद्या संशोधनाची बातमी लिहिताना ‘इतके टक्के वाढ’ दिसली, की ‘मुळात किती?’ हे विचारायचेच. उत्तर प्रसिद्धिपत्रकात बहुधा नसते, शोधनिबंधातल्या तक्त्यांत शोधावे लागते. (प्रयोग उंदरांवरचा असेल, तर ते मथळ्यातच सांगा, शेवटच्या परिच्छेदापर्यंत वाचतो कोण?)

आणि त्या संशोधनाशी संबंध नसलेल्या, पण त्याच विषयातल्या एका तज्ज्ञाला फोन करा. डेडलाइन डोक्यावर असली तरी.